धुपाचा थर

हिरवा दिवा लागला, खोक्याच्या पोटात पंखा फिरायला लागला, त्याची ओळखीची घरघरही आली. पडदा मात्र काळाच राहिला.

धुपाटणं हातात धरून कालिंदी तशीच उभी राहिली. रोज एव्हाना पडद्यावर हिरवं कुरण आणि त्यावरचं निळं आभाळ आलेलं असायचं. कुरण दिसलं की ती हात जोडायची, खोक्याला हळदकुंकू लावायची, अक्षता वाहायची, घटकाभर तो चालू ठेवून मग शिकवलं होतं तसा रीतसर बंद करायची. आज नमस्कार करायला समोर काही आलंच नाही. काळ्या काचेत तिचाच ओल्या केसांचा चेहरा दिसत होता.

"काकू, नळ आला का ओ?" आतल्या खोलीतून रत्नमालाने विचारलं.

"नाही अजून. अगं, हा लागत नाहीये."

"कोन?"

"कॉम्प्युटर."

"लागंल की! नळ आठवडाभर वाट बघाया लावतोय, त्याला काय म्हनत नाय तुम्ही. त्या बिचाऱ्याला दोन मिनिटं द्या."

रत्नमाला मूळची कन्नड तालुक्यातली, आता मुकुंदवाडीत राहायची. रोज सकाळी येऊन श्रीनिवासरावांच्या उजव्या हातापायाला तेल लावायची, व्यायाम द्यायची. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. तिच्या बोलण्याची कालिंदीला आता सवय झाली होती. नाहीतर घर फारच शांत होतं.

कालिंदीने थोडा वेळ दिला. मग खोक्यावर कान ठेवला. आत पंखा फिरत होता, मधूनच काहीतरी टिकटिकत होतं. जिवंत तर आहे, तिच्या मनात आलं. मग दाखवत का नाही?

गारखेड्यातल्या या घराची पुढची खोली म्हणजे श्रीनिवासरावांचं दुरुस्तीचं दुकान. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि पुढे कॉम्प्युटर. भिंतीवर पेचकस ओळीने टांगलेले, टेबलावर भिंग आणि दिवा. गिऱ्हाइकांची यंत्रं केव्हाच परत गेली होती. राहिला होता तो हा एक, त्यांचा स्वतःचा. गेल्या श्रावणात सोमवारचा फराळ करताना त्यांच्या हातातून चमचा गळून पडला. आपल्याच हाताकडे ते नवल करून बघत राहिले. तेव्हापासून उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळ्या शब्दांतून एकच मागे उरला होता, 'बरंय.' चहा हवा? बरंय. गार झालाय का? बरंय. पाय दुखतोय? बरंय. त्यांना कितपत कळतंय ते नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

कालिंदीने तेव्हा देवापुढे बोलून ठेवलं होतं. हे पुन्हा त्या पडद्यापुढे बसेपर्यंत गोड खाणार नाही, आणि रोज पूजा झाली की यंत्रालाही धूप दाखवीन. दसऱ्याला तर ती पूर्वीपासून त्याची पूजा करायची. आता रोज करू लागली. पुढच्या जाळीशी धुपाटणं ठेवलं की धूर सरळ आत ओढला जाई. देवघरातला धूर नुसता वर जातो. इथे तो घेतला जातो, हे पाहून तिचं मन भरून यायचं.

आणि आज हे असं. तेही आजच.

काल संध्याकाळी पुण्याहून विश्वजितचा फोन आला होता. "आई, रविवारी गाडी घेऊन येतो. हिमानीनं खोली तयार ठेवलीय. खालीच दवाखाना आहे, लिफ्ट आहे. किती दिवस एकटीनं ओढणार तू?"

"अरे, पण ह्यांना..."

"विचारलं मी. परवा तू देवळात होतीस ना, तेव्हा रत्नमालामावशींनी फोन कानाला लावून दिला होता. बरंय म्हणाले."

पोराचं चुकत नव्हतं, सुनेचंही नाही. जाताना तो जुना डबा भंगारवाल्याला देऊ, पुढची खोली भाड्याने लावू, हेही त्याने सरळ मनानेच सांगितलं होतं. पण ते 'बरंय' तिच्या मनात रात्रभर टोचत राहिलं. ते ह्यांचं होतं, की नुसतं तोंडातून आलेलं? ती स्वतः विचारू शकली असती. अजून विचारलं नव्हतं. पुण्याला जायचं का? बरंय. इथेच राहायचं का? बरंय. असं झालं तर मग पुढे कशाच्या आधाराने बोलत राहायचं, याची तिला भीती वाटत होती.

तिने धुपाटणं खाली ठेवलं आणि पैठण गेटजवळच्या मुजीबभाईंना फोन लावला. श्रीनिवासराव सुटे भाग त्यांच्याकडून आणायचे.

"पंखा घूम रहा और डिस्प्ले नै, तो बोर्ड गया समझो काकू," मुजीबभाई म्हणाले. "पुराना माल है, कित्ता चलेंगा? श्रीनिवाससाब रहते तो हाथ लगा के बोल देते थे."

"आहेत ते," कालिंदी म्हणाली.

"हां हां, काकू... अल्ला सलामत रक्खे. मेरा वो मतलब नै था."

फोन ठेवल्यावर ती टेबलामागे वाकली. एक वायर पडद्याची, एक खोक्याची, एक पडद्यातून खोक्यात जाणारी. प्रत्येक वायर धरून ती कुठून कुठे जाते ते तिने बोटाने पाहिलं. पडद्याचा स्वतःचा दिवा लागलेला होता, पण पिवळा. रोज तो निळा असतो, हे आज पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं. मधली वायर काढून तिने पुन्हा घट्ट बसवली. पडद्यावर क्षणभर इंग्रजीत काहीतरी उमटलं आणि विझलं. म्हणजे पडदा ठीक असावा. त्याला दाखवायला कुणी काही देत नव्हतं.

"अजून तिथंच का?" रत्नमाला पदराला हात पुसत दारात आली. "काकांनाच विचारा की."

"ते काय सांगणार गं?"

"तोंड नाय, पन डावा हात हाय ना? काल माझी वेणी ओढली त्यांनी, पाय जास्त वाकवला म्हनून. लई जोर हाय."

"वेणी ओढली? ह्यांनी?"

"तर! तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मलाच बोलला असता."

चाकाची खुर्ची पुढच्या खोलीत आली. आजारपणानंतर कालिंदीने त्यांना इथे आणलंच नव्हतं. पाहून त्रास होईल म्हणून की आपल्याला होईल म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं. श्रीनिवासरावांनी भिंतीवरच्या पेचकसांकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. मग काळ्या पडद्याकडे, आणि तिथे नजर थांबली.

"अहो, दिवा लागतो, पंखा फिरतो, पण चित्र येत नाही," ती रोजच्यासारखी हळू आवाजात म्हणाली. "मुजीबभाई म्हणतात बोर्ड गेला."

"बरंय," ते म्हणाले, आणि नाकातून फूस केल्यासारखा आवाज काढला.

"मुजीबभाईचं पटलं नाय वाटतं," रत्नमाला म्हणाली.

त्यांचा डावा हात उठला. बोट भिंतीकडे गेलं. कालिंदीला वाटलं, कालनिर्णय काढायला सांगतायत. ती तिकडे वळली तसा खुर्चीच्या दांड्यावर थाड आवाज आला. ती थबकली. बोट कॅलेंडरच्या खाली होतं, बटणाकडे. तिने बटण बंद केलं. बोट तसंच. तिने पिन उपसून वर धरून दाखवली, तेव्हा कुठे हात खाली आला.

मग बोट खोक्याच्या बाजूच्या पत्र्याकडे गेलं.

"उघडू? मी?"

"बरंय."

भिंतीवरच्या पेचकसांतला त्यांनी दाखवला तोच पेचकस तिने घेतला. स्क्रू घट्ट होते. फिरवताना तिच्या पाटल्या पत्र्यावर वाजत होत्या. पत्रा सुटला आणि ती आत हात घालणार, तोच त्यांनी तिचं मनगट धरलं. पाटलीवर बोट आपटलं.

"बांगड्या काढायच्या? नाही हं, मी काढत नाही."

त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. मग एकेक करून, डाव्या हाताच्या बोटांनी, पाटल्या आणि काचेच्या बांगड्या वर सरकवत कोपराजवळ नेऊन घट्ट बसवल्या. अंगातली वीज उतरावी म्हणून तिचा तळवा उघड्या लोखंडावर दाबून धरला आणि सोडला. आता घाल हात.

रत्नमाला त्या वेळी उगाच खिडकीतून नळ बघत होती.

इतकी वर्षं संसार झाला, पण आत काय असतं ते कालिंदीने कधी पाहिलं नव्हतं. विचारलं तर ते म्हणायचे, आत काय, धूळ. आता ती गुडघ्यांवर बसून पाहत राहिली. म्हैसमाळच्या टोकावरून खालचं गाव दिसावं तसं ते होतं. हिरव्या जमिनीवर चंदेरी गल्ल्या, छोट्या टाक्या, एकाला लागून एक बसकी घरं, मधोमध पंखा. ती वाकून एकेक गल्ली कुठे जाते ते बघायला लागली. ह्या माणसाने आयुष्यभर रोज हे गाव पाहिलं आणि आतल्या खोलीत येऊन नुसतं धूळ म्हणून सांगितलं?

पण त्या गावावर काहीतरी बसलं होतं. धूळ होतीच, पण धुळीखाली तपकिरी, चिकट, तेलकट थर. बोट लावून तिने वास घेतला.

गुग्गुळ. ऊद.

तिचं बोट नाकाशीच राहिलं. पंख्याच्या पात्यांवर, गल्ल्यांमध्ये, पट्ट्यांच्या खाचांत, सगळीकडे तिचा रोजचा धूप होता. एका कोपऱ्यात कुंकवाने लाल झालेल्या अक्षता पडल्या होत्या.

"अगं बाई," ती म्हणाली.

रत्नमालाने वाकून पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. "काकू, यानं सगळा परसाद खाल्ला की ओ! म्हनून पोट बिघडलं."

कालिंदीने भीत भीत वर पाहिलं. पूर्वी ते आधी रागवायचे, मग हसायचे. यंत्राला धूर देऊ नको, असं दर दसऱ्याला सांगायचे आणि ती दर दसऱ्याला द्यायची. श्रीनिवासरावांनी वाकून एक तांबडा तांदूळ बोटाच्या टोकावर उचलला. तो तिच्यापुढे धरला. त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला, उजवा तसाच राहिला, आणि घशातून खळखळ आवाज आला. काय होतंय म्हणून ती घाबरून उठली. मग तिला समजलं. ते हसत होते. तिलाच हसत होते, दर दसऱ्याला हसायचे तसे.

"हसा, हसा," ती म्हणाली. डोळे पुसायला हात वर केला तर हाताला धुपाचं काळं. "तुमच्यासाठीच करत होते मी."

"बरंय," ते म्हणाले.

आता त्यांना घाई झाली होती. बोट एका उभ्या पट्टीवर आलं. रॅमची पट्टी. हे नाव गिऱ्हाइकांशी बोलताना तिने हजारदा ऐकलं होतं, वस्तू आज पाहिली. दोन्ही टोकांचे चाप कसे दाबायचे ते त्यांनी हवेत दाखवलं. पट्टी निघाली. मग बोट पुन्हा भिंतीकडे.

"आता? उघड्यावर चालू करू? काढलेलं असताना?"

थाड, खुर्चीचा दांडा.

तिने पिन लावली, देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं. खोका किंचाळला. लांबलचक, न थांबणारी शिट्टी. रत्नमाला मागे सरली. कालिंदीने कानावर हात ठेवले. श्रीनिवासराव मात्र मान कलती करून, भजनात एखादी जागा आवडावी तसं ऐकत होते. तर्जनी वर गेली. "बरंय!" त्यांनी म्हटलं, आणि पुन्हा, "बरंय!"

पट्टी काढलीय हे खोक्याला समजतंय, आणि तो ते सांगतोय. बोर्ड गेलेला नाही. कालिंदीने पिन काढली आणि त्यांच्याकडे पाहिलं. काय कळलं हे त्यांना तोंडाने सांगायची गरजच पडली नव्हती.

पुढे मात्र काम अडलं. पट्टीकडे बोट दाखवून ते हात मागेपुढे घासत होते. तिने कापूस आणला. त्यांनी तो उलट्या पंजाने बाजूला सारला, "बरंय". ओलं फडकं आणलं. "बरंय, बरंय," आणि पंजा आणखी जोरात. रत्नमालाने मालिशचं खोबरेल पुढे केलं, तेव्हा त्यांनी डोळेच मिटले आणि बाटली थेट टेबलाच्या कडेपर्यंत ढकलली.

"बरंय म्हनत्यात आन् ढकलत्यात," रत्नमाला म्हणाली. "घ्यायचं का नाय घ्यायचं?"

कालिंदी त्या पंजाकडे पाहत होती. पेचकस दिला तेव्हा हा हात दांड्यावर उताणा, मोकळा पडला होता. पाटल्या सरकवून झाल्यावरही तसाच. आणि नको असलं की उलटा होऊन ढकलतो. शब्द तोच. गेले कित्येक महिने ती त्यांच्या तोंडाकडे बघत आली होती.

मग टेबलाच्या खणात तिला खोडरबर सापडलं, एका बाजूने झिजून तिरकं झालेलं. तिने ते पुढे धरलं. हात उताणा झाला.

पट्टी तिला धरू न देता त्यांनी डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलला, टेबलावर आणला आणि पट्टीवर ठेवला. कागद उडू नये म्हणून वजन ठेवावं, तसा. त्या हाताखाली पट्टी पक्की धरली गेली. मग डाव्या हाताने ते तिची कड घासू लागले. काळं निघत गेलं, खालून सोनेरी दात दिसू लागले. एकदा हात घसरला, एकदा रबर खाली पडलं. कालिंदी उचलून द्यायची आणि मागे व्हायची. बाहेर नळाला पाणी आल्याचा आवाज येत होता, पण कुणी उठलं नाही.

मऊ ब्रशने आणि फुंकरीने खाच साफ झाली. तिने पट्टी बसवली. दोन्ही चाप टक् टक् वाजले. त्यांनी खुर्ची पुढे घ्यायची खूण केली, आणि बटण त्यांनी स्वतः दाबलं.

पंखा फिरला. एक छोटीशी शिट्टी. पिवळा दिवा निळा झाला. काळ्या काचेवर पांढरी अक्षरं धावली, एक छोटं चक्र फिरलं, आणि कुरण आलं, वर निळं आभाळ.

"आला, आला!" रत्नमालाने टाळी वाजवली. मग कपाळावर हात मारला. "आगं माय, नळ!" आणि ती बादल्यांकडे धावली.

दोघंच राहिली. श्रीनिवासराव पडद्यासमोर बसले होते. कालिंदीने स्टूल ओढलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. टेबलावर टेकलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"अहो, विश्वजित रविवारी येतोय. आपल्याला पुण्याला न्यायचं म्हणतो. कायमचं. जायचं?"

"बरंय."

पण हात उलटा झाला होता. पंजाची मागची बाजू टेबलावरून हळूहळू सरकत गेली, समोर काहीच नसताना, खोबरेलाची बाटली सारली होती तशी, कडेपर्यंत.

"मग इथंच राहायचं? ह्या घरात?"

"बरंय." हात उताणा.

तिने दोन्ही प्रश्न उलटसुलट करून पुन्हा विचारले. खात्रीसाठी थोडं, आणि थोडं नुसतं बघत राहावंसं वाटलं म्हणून. तिसऱ्या खेपेला त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती ओशाळून थांबली. इतकं काय विचारायचं एकच.

विश्वजितला तिने स्वतः फोन लावला.

"आई, काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. कॉम्प्युटर बिघडला होता, त्यांनी दुरुस्त केला."

"कुणी?"

"बाबांनी. ऐक, रविवारी नक्की ये. पण बाबांना पुन्हा एकदा विचार."

"अगं, विचारलं होतं ना मी? बरंय म्हणाले."

"फोनवर विचारलंस बाळा. फोनवर हात दिसत नाही."

"म्हणजे?" विश्वजितने हळूच विचारलं.

"समोर बसून विचार. हाताकडे बघ. मग ते म्हणतील तसं करू आपण."

भरलेल्या बादल्या ठेवून रत्नमाला चहा घेऊन आली. कालिंदीचा कप नेहमीसारखा वेगळा, बिनसाखरेचा. कालिंदीने पडद्यासमोरच्या खुर्चीकडे पाहिलं, मग कपाकडे.

"साखर घालून आण गं ह्यात," ती म्हणाली. "चमचाभर."

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर ती धुपाटणं घेऊन पुढच्या खोलीच्या दारात आली आणि थांबली. श्रीनिवासराव खुर्चीत तयार बसले होते. त्यांनी धुपाटण्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीशी गेली आणि ते बाहेरच्या कठड्यावर ठेवलं. धूर थोडा वेळ गजांपाशी घुटमळला, मग रस्त्याकडे निघून गेला. हळदकुंकू तिने टेबलाच्या लाकडी पायाला लावलं. अक्षता वाटीतच राहिल्या.

कुरण आलं. त्यावर छोट्या चित्रांखाली नावं लिहिलेली होती. श्रीनिवासरावांनी त्या अक्षरांकडे पाहिलं, पुढे झुकून पुन्हा पाहिलं, अक्षरं लागेनात तसं पाहायचं सोडून दिलं. त्यांचा डावा हात अंगावरून आडवा, उजवीकडच्या माऊसपर्यंत जायला बघत होता. पोचत नव्हता.

कालिंदीने माऊस उचलला. त्याची वायर पडद्यामागून फिरवून घेतली आणि तो टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवला. त्यांनी हात त्यावर टेकला. गवतावर बाण थरथरत हलू लागला.